प्रत्यारोपणानंतर पुन्हा पुन्हा उद्भवणारा हृदयावरणदाह : उपचारांतील पेच आणि दक्षता

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्या यांच्या जोडीने एखाद्या आजाराचा विस्ताराने परिचय करून देण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. मधुमेह, रक्तदाब यांसारखे सर्वपरिचित विषय बाजूला ठेवून यंदा एक अल्पपरिचित विषय निवडला आहे. मूत्रपिंड, यकृत वा हृदय यांचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येणे, ती ओसरणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा येणे, असा हा आजार आहे. असे रुग्ण संख्येने थोडे असतात. तरीही या विषयाला एवढी पाने देण्याचे कारण असे, की इतर रुग्णांना बऱ्याच अंशी निर्धास्तपणे देता येणारे जवळजवळ प्रत्येक औषध या रुग्णांच्या बाबतीत दुधारी ठरते. छातीतले दुखणे थांबवण्याच्या खटाटोपात आईने मुलाला किंवा पत्नीने पतीला दिलेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ येऊ शकते. विश्वस्त व देणगीदार यांच्याकडे आमच्या विभागाकडून रक्ततपासण्यांच्या खर्चाची मागणी वारंवार का येते, आणि रुग्णाच्या घरच्यांना आम्ही त्याच त्या सूचना पुनःपुन्हा का देतो, हेही या विवेचनातून उलगडावे अशी अपेक्षा आहे.

आवरण, त्याचा दाह आणि त्याची ओळख

हृदय छातीत मोकळे लटकलेले नसते. ते एका दुपदरी पिशवीत असते. या पिशवीला हृदयावरण म्हणतात आणि तिच्या दाहाला डॉक्टरांच्या भाषेत पेरिकार्डायटिस हे नाव आहे. दोन पदरांच्या मध्ये साधारणपणे १५ ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी, पातळ द्रव असतो. त्यामुळे दिवसाकाठी लाखभर वेळा आकुंचन पावणारे हृदय या पिशवीत घर्षणावाचून हलत राहते. हृदयाच्या आतल्या अस्तराचा व झडपांचा जंतुसंसर्ग हा सर्वस्वी वेगळा आजार आहे. नावांतील साम्यामुळे नातेवाइकांचा पुष्कळदा गोंधळ होतो, म्हणून हा खुलासा आरंभीच केलेला बरा.

आवरणाला सूज आली की छातीत तीव्र कळ येते. ती दीर्घ श्वास घेताना व उताणे निजल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसल्यास कमी होते. उशी मांडीवर घेऊन त्यावर ओणवा होऊन रात्र काढणारा रुग्ण पाहिला, की अनुभवी परिचारिकेलाही निदानाची चाहूल लागते. डॉक्टर चार गोष्टी पाहतात: या विशिष्ट प्रकारचे दुखणे, स्टेथॉस्कोपने ऐकू येणारा खरखरीत घर्षणध्वनी, ईसीजीमधील सर्वदूर पसरलेले बदल आणि एकोकार्डिओग्राफीत आवरणात दिसणारे नवे पाणी. यांपैकी दोन आढळल्या तर निदान पक्के मानतात. रक्तातील सीआरपी ही चाचणी दाह किती आहे हे दाखवते आणि उपचार केव्हा थांबवावेत हे ठरवण्यासही उपयोगी पडते.

प्रत्यारोपित रुग्णांत मात्र ही चित्रे फिकी पडतात. ते आधीच रोज प्रेडनिसोलोन आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी अन्य औषधे घेत असतात. त्यामुळे ताप येत नाही, सीआरपी अपेक्षेइतके चढत नाही, दुखणेही मोघम राहते. 'पित्त झाले असेल' म्हणून आठवडा घालवलेला रुग्ण थेट धाप लागलेल्या अवस्थेत येतो, असे घडू शकते.

दाह पुन्हा का येतो

पहिला झटका पूर्ण शमल्यावर चार ते सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ रुग्ण निर्वेध राहिला आणि त्यानंतर लक्षणे परतली, तर त्याला पुनरावर्ती हृदयावरणदाह म्हणावे, असा २०१५ सालच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांचा निकष आहे. सर्वसाधारण रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना पहिल्या झटक्यानंतर दुसरा येतो. एकदा पुनरावृत्ती झाली, आणि विशेषतः सुरुवातीला स्टेरॉइड दिलेले असून कोल्चिसिन दिलेले नसले, तर पुढचा झटका येण्याचे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते.

येथे एक रास्त शंका आम्हाला नेहमी विचारली जाते. रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असताना प्रतिकारशक्तीनेच घडवलेला दाह त्याला कसा होतो? उत्तर असे, की शरीराची संरक्षणव्यवस्था एकपदरी नाही. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे मुख्यतः टी-लसिका पेशींना आवर घालतात, कारण परक्या अवयवाला ओळखून त्यावर हल्ला चढवण्यात याच पेशी पुढे असतात. वारंवार येणाऱ्या हृदयावरणदाहात चेतवणी देणारे द्रव्य बहुधा इंटरल्यूकिन-१ हे असते. ते संरक्षणव्यवस्थेच्या जुन्या, जन्मजात शाखेकडून येते. एका दाराला कुलूप घातले तरी दुसरे उघडे राहते, असा हा प्रकार आहे.

आधी कारण, मग औषध

सामान्य रुग्णात पुष्कळदा कारण सापडत नाही, आणि ते फार शोधण्याचीही गरज नसते. प्रत्यारोपित रुग्णात मात्र 'कारण अज्ञात' असा शेरा मारण्यापूर्वी सर्व कोनाडे तपासावे लागतात. मूत्रपिंडाचे काम पुन्हा मंदावू लागले असेल तर रक्तात साचलेल्या दूषित द्रव्यांमुळे आवरणाला सूज येते. अशा वेळी औषधांहून डायलिसिस अधिक उपयोगी पडते. सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, क्वचित बुरशीचा संसर्ग, प्रत्यारोपणानंतर उद्भवू शकणारा लसिका ग्रंथींचा कर्करोग, हेही विचारात घ्यावे लागते. हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णात आवरणात पाणी वाढत असेल तर शस्त्रक्रियेचा परिणाम म्हणावा की अवयव नाकारला जाण्याची खूण, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय काही औषधेच दोषी असू शकतात. सिरोलिमस घेणाऱ्यांच्या आवरणात पाणी साठल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. रक्तदाबासाठीची मिनॉक्सिडिल व हायड्रलाझिन, तसेच क्षयावरील आयसोनियाझिड यांचीही नावे या यादीत आहेत. दोषी औषध बंद करताच आजार संपला, यासारखा समाधानाचा शेवट दुसरा नाही. म्हणून औषधांची चिठ्ठी बारकाईने वाचणे ही आमच्या मते पहिली तपासणी होय.

आपल्या देशात या यादीच्या शिरोभागी क्षयरोग असतो, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात सुप्त क्षय जागा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे आवरणात पाणी दिसताच क्षयाची औषधे सुरू करावीत असा मोह होतो. ज्या प्रदेशात क्षय सर्रास आढळतो तेथे इतर कारणे वगळल्यावर असे करणे गैरही मानले जात नाही. परंतु प्रत्यारोपित रुग्णाला याची किंमत मोठी पडते. क्षयावरील प्रमुख औषध रिफाम्पिसिन हे यकृतातील विकरांना इतके चेतवते, की टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन झपाट्याने नष्ट होऊ लागतात. त्यांची मात्रा दुप्पट ते पाचपट वाढवूनही कधी कधी रक्तातील पातळी पुरेशी राहत नाही आणि शरीर अवयव नाकारू लागते. उलट क्षय असताना औषध दिले नाही, किंवा तो न ओळखता स्टेरॉइड वाढवले, तर जिवावर बेतते. इकडे आड, तिकडे विहीर.

यातून मार्ग एकच, तो म्हणजे शक्य असेल तेथे पुरावा मिळवणे. आवरणातील पाणी सुरक्षितपणे काढता येण्याजोगे असेल तर ते काढून एडीए, जीवाणू संवर्धन आणि सीबीनॅट या तपासण्यांसाठी पाठवावे, छातीचे सीटी स्कॅन करावे, लसिका ग्रंथी वाढल्या असतील तर तेथून तुकडा घ्यावा. क्षय सिद्ध झाला तर रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरण्याचा पर्याय असतो, कारण त्याचा विकरांवरील परिणाम सौम्य असतो. तेही शक्य नसेल तर प्रत्यारोपणाच्या औषधांची पातळी आठवड्यातून एकदा नव्हे, गरजेनुसार अधिक वेळा मोजत पुढे जावे लागते. क्षयजन्य हृदयावरणदाहात प्रेडनिसोलोन द्यावे किंवा नाही याविषयी आफ्रिकेतील १४०० रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू, आवरणातील पाण्याचा दाब आणि आवरण आवळणे यांचा एकत्रित विचार करता लाभ दिसला नाही. मात्र पुढे आवरण आवळण्याचे प्रमाण कमी झाले.

वेदनाशामकांचा धोका

एरवी या आजारावरचे पहिले औषध म्हणजे मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन. औषधाच्या दुकानात ही सहज मिळतात आणि गुणही लवकर येतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र आम्ही ती देत नाही. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांच्यामुळे मुळातच आकुंचित असतात. त्या उघड्या ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि वेदनाशामके नेमकी तीच बनू देत नाहीत. दोन्ही बाजूंनी पाणी तोडल्यासारखी मूत्रपिंडाची अवस्था होते आणि थोड्याच दिवसांत क्रिएटिनिन चढते. यकृत किंवा हृदय बदललेल्या रुग्णांनीही यातून आपण सुटलो असे समजू नये. तीच औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने त्यांची स्वतःची मूत्रपिंडेही नाजूक झालेली असतात. त्यांच्यापैकी निवडक रुग्णांना, क्रिएटिनिनवर नजर ठेवून, अल्पकाळ ॲस्पिरिन देण्याचा निर्णय होऊ शकतो, परंतु तो तज्ज्ञांनीच घ्यावा. हृदयविकारासाठी रोज घेतली जाणारी ७५ मिलिग्रॅमची गोळी हा निराळा विषय आहे. वरील मजकूर वाचून ती परस्पर बंद करू नये. दुखणे सुसह्य व्हावे म्हणून पॅरासिटामॉल देता येते. त्याने सूज मात्र उतरत नाही.

कोल्चिसिन : जुने, स्वस्त आणि निसरडे

कोल्चिसिन हे या आजारातील आजचे मुख्य औषध आहे आणि त्याचा इतिहास रंजक आहे. युरोपात शरद ऋतूत फुलणाऱ्या एका कंदवर्गीय वनस्पतीपासून ते मिळते आणि संधिवातावर शतकानुशतके वापरले जाते. आपल्या सह्याद्रीत व कोकणात पावसाळ्यात लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी याच द्रव्याने भरलेली असते. तिचा कंद जीवघेणा विषारी असल्याचे गावोगावच्या जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे. औषध आणि विष यांमधील अंतर किती थोडे, हे या एका वनस्पतीवरून ध्यानात यावे.

हृदयावरणदाहासाठी या औषधाचा उपयोग प्रथम १९८७ साली स्पेनमधील डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांच्या अनुभवावरून सुचवला. पुढे इटलीतील डॉ. मास्सिमो इमाझिओ यांच्या गटाने त्याच्या पद्धतशीर चाचण्या घेतल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिली पुनरावृत्ती झालेल्या १२० रुग्णांपैकी कोल्चिसिन घेतलेल्या गटात दीड वर्षात २४ टक्क्यांना, तर न घेतलेल्या गटात ५५ टक्क्यांना झटका परत आला. पहिल्याच झटक्याच्या २४० रुग्णांवरील २०१३ सालच्या चाचणीत हे प्रमाण १६.७ विरुद्ध ३७.५ टक्के होते. वारंवार झटके येणाऱ्या रुग्णांवरील २०१४ सालच्या चाचणीत ते २१.६ विरुद्ध ४२.५ टक्के इतके भरले. तीन वेगवेगळ्या चाचण्यांत पुनरावृत्ती जवळपास निम्म्यावर येते, ती एका स्वस्त गोळीने. हृदयरोगशास्त्रात अशी उदाहरणे विरळाच. सर्वसाधारण रुग्णात ७० किलोपेक्षा कमी वजन असल्यास दिवसातून एकदा व अधिक असल्यास दोनदा अर्धा मिलिग्रॅम, आणि पुनरावर्ती आजारात किमान सहा महिने, असा क्रम आहे.

प्रत्यारोपित रुग्णात हा क्रम जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे. कोल्चिसिन शरीराबाहेर जाण्याच्या वाटा दोन. यकृतातील व आतड्यातील एक विकर त्याचे विघटन करतो, आणि एक वाहक प्रथिन त्याला पेशींबाहेर, आतड्यात व मूत्रात ढकलते. सायक्लोस्पोरिन या दोन्ही वाटा अडवते. त्यातच मूत्रपिंडाचे काम उणे असेल, आणि प्रत्यारोपित रुग्णांपैकी पुष्कळांचे ते असते, तर औषध शरीरात साचत जाते. साचलेले कोल्चिसिन डायलिसिसने बाहेर काढता येत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. सायक्लोस्पोरिन व कोल्चिसिन एकत्र घेणाऱ्या रुग्णांत स्नायू व मज्जातंतू दुबळे झाल्याच्या नोंदी १९९० च्या दशकापासून आहेत. २००९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कोल्चिसिनला नव्याने मान्यता देताना अशा संयोगातून झालेल्या मृत्यूंकडे लक्ष वेधले आणि मात्रा घटवण्याच्या सूचना दिल्या. मूत्रपिंड वा यकृत अधू असताना वाटा अडवणारे प्रभावी औषध चालू असेल तर कोल्चिसिन देऊच नये, असे त्यांचे सांगणे आहे.

टॅक्रोलिमसचा या बाबतीतला उपद्रव सायक्लोस्पोरिनहून कमी आहे. म्हणून ज्या रुग्णाला कोल्चिसिनची खरोखर गरज आहे आणि जो सायक्लोस्पोरिनवर आहे, त्याला टॅक्रोलिमसवर आणता येईल का याचा विचार प्रत्यारोपण तज्ज्ञांसह करणे श्रेयस्कर. आम्ही एक दिवसाआड अर्धी मात्रा अशा बेताने सुरुवात करणे पसंत करतो. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तपेशींची संख्या, क्रिएटिनिन आणि स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके चाचणी करून मगच मात्रा वाढवावी किंवा तेथेच ठेवावी. घाई करून आठवड्याचे दुखणे वाचते, पण महिन्याचा अतिदक्षता विभाग पदरी पडू शकतो.

कोल्चिसिनची पहिली तक्रार म्हणजे जुलाब. एरवी जुलाब ही किरकोळ बाब वाटते, येथे ती तशी नाही. जुलाबात शरीरातील पाणी घटते, हे एक. शिवाय आतड्याच्या अस्तरातील विकर दुबळा झाल्याने टॅक्रोलिमस अधिक प्रमाणात रक्तात शिरते आणि त्याची पातळी चढून मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे कोल्चिसिन प्रत्यक्ष विषारी पातळीला न जाताही आडवाटेने मूत्रपिंडाला इजा करू शकते. त्यात मायकोफेनोलेट या नेहमीच्या औषधानेही जुलाब होतात, तेव्हा दोष कोणाचा हे ठरवणे कठीण होते. रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे हाही मायकोफेनोलेट, ॲझाथायोप्रिन आणि कोल्चिसिन यांचा सामाईक दुष्परिणाम आहे. जिना चढताना मांड्यांत बळ न वाटणे, खाली बसल्यावर उठता न येणे, ही मात्र स्नायूंच्या इजेची खूण समजून औषध त्याच दिवशी थांबवून आमच्याकडे यावे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन वर्गातील गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो.

स्टेरॉइड आणि त्यापुढील उपाय

वेदनाशामके वर्ज्य आणि कोल्चिसिन अल्प मात्रेत, अशी परिस्थिती असल्याने प्रत्यारोपित रुग्णाला स्टेरॉइडचा आधार इतरांपेक्षा लवकर घ्यावा लागतो. सामान्य रुग्णात स्टेरॉइड टाळावे, कारण त्याने झटके परतण्याचे प्रमाण वाढते, असा दंडक आहे. या रुग्णांत तो लवचिक ठेवावा लागतो. पूर्वी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देत असत. आता ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम पुरेसे मानतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला १२ ते ३० मिलिग्रॅम. खरी कसोटी मात्रा कमी करण्यात असते. दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी एक ते अडीच मिलिग्रॅम इतक्या सावकाश उतरावे, कारण १० ते १५ मिलिग्रॅमच्या टप्प्यातच आजार सर्वाधिक डोके वर काढतो. प्रत्यारोपित रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे. त्याला शून्यावर यायचे नसते, आपल्या नेहमीच्या ५ मिलिग्रॅमवर यायचे असते. गैरसोयही आहे. टॅक्रोलिमसच्या जोडीला स्टेरॉइड वाढले की मधुमेह जडण्याचा संभव वाढतो आणि जंतुसंसर्गाला आयते निमंत्रण मिळते. गोळ्यांनी 'बरे वाटू लागले' म्हणून उतरंड मध्येच तोडणाऱ्या रुग्णांना काय सांगावे, हा आमच्यापुढील नित्याचा प्रश्न आहे.

अलीकडच्या वर्षांतील महत्त्वाची भर म्हणजे इंटरल्यूकिन-१ ला थेट रोखणारी इंजेक्शने. अनाकिन्रा या औषधाच्या २०१६ सालच्या इटलीतील चाचणीत ते चालू ठेवलेल्या ११ पैकी २ रुग्णांना, तर बंद केलेल्या १० पैकी ९ रुग्णांना झटका परत आला. रिलोनासेप्टच्या २०२१ सालच्या चाचणीत हेच आकडे ३० पैकी २ आणि ३१ पैकी २३ असे होते. त्याच वर्षी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मूत्रपिंडाला थेट इजा न करणारा आणि टॅक्रोलिमसच्या वाटेत न येणारा हा मार्ग तत्त्वतः प्रत्यारोपित रुग्णांसाठी फार आकर्षक आहे. तथापि या चाचण्या प्रत्यारोपित रुग्णांसाठी आखलेल्या नव्हत्या. त्यांच्याविषयीचा अनुभव तुरळक रुग्णांपुरताच आहे. आधीच दबलेल्या प्रतिकारशक्तीचे दुसरे दारही बंद करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावी, आवश्यक लसी आधी द्याव्यात, आणि मूत्रपिंडाचे काम फार कमी असल्यास अनाकिन्रा रोजऐवजी एक दिवसाआड द्यावे, एवढी पथ्ये सांभाळावी लागतात. किंमत हा आणखी एक अडसर. आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना ही इंजेक्शने महिनोन्महिने घेणे परवडणारे नाही. औषध बंद करताच आजार परतण्याचा संभव वरील आकड्यांत स्पष्ट दिसत असल्याने, अर्धवट मुदतीसाठी निधी उभारून ते सुरू करणे आम्हाला उचित वाटत नाही. पूर्ण मुदतीची तरतूद असेल तरच या वाटेला जावे.

आवरणात पाणी वेगाने साठले तर हृदयाला फुलण्यास जागा उरत नाही, रक्तदाब घसरतो आणि सुईने पाणी काढणे हा तातडीचा उपाय ठरतो. एकोकार्डिओग्राफीच्या मार्गदर्शनाखाली ते सुरक्षितपणे करता येते. क्वचित वर्षानुवर्षांच्या दाहाने आवरण जाड व ताठर होऊन हृदयाला आवळते, पाय व पोट सुजते. अशा वेळी शस्त्रक्रियेने आवरण काढावे लागते. ही शस्त्रक्रिया मोठी आहे आणि ती निष्णात हातांनीच व्हावी.

खर्च कोठे होतो

या आजारात औषधांहून तपासण्यांचा खर्च अधिक होतो. एक नवी गोळी सुरू करणे, एक जुनी बंद करणे, किंवा दोन दिवस जुलाब होणे, यांपैकी प्रत्येक प्रसंगी टॅक्रोलिमसची पातळी, क्रिएटिनिन व रक्तपेशी पुन्हा मोजाव्या लागतात. हाताशी पैसा कमी पडला की कुटुंबे प्रथम यालाच कात्री लावतात, कारण गोळी डोळ्यांना दिसते आणि तपासणीचा कागद रिकामा वाटतो. वास्तविक 'पातळी ठीक आहे' असे सांगणारा तो कागदच अवयवाचा पहारेकरी असतो. देणगीदारांच्या साहाय्याचा विनियोग महागड्या इंजेक्शनांपेक्षा या तपासण्यांसाठी व्हावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

घरच्या मंडळींसाठी

रुग्णाच्या सर्व औषधांची अद्ययावत यादी एका वहीत ठेवावी आणि दंतवैद्यासह प्रत्येक डॉक्टरांना ती दाखवावी. कोल्चिसिन चालू असताना खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले गेले तर ते घेण्यापूर्वी आम्हाला विचारावे. या जोडीने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे टॅक्रोलिमस वा सायक्लोस्पोरिनची मात्रा व पर्यायाने खर्च कमी व्हावा म्हणून काही रुग्णांना जोडीला डिल्टियाझेम किंवा किटोकोनॅझोल दिलेले असते. ही युक्ती उपयोगी आहे, पण हीच औषधे कोल्चिसिनचीही वाट अडवतात, म्हणून त्यांचा उल्लेख टाळू नये. ग्रेपफ्रूट व त्याच्याच कुळातील पपनस वर्ज्य करावे. सांधेदुखीवर सुरंजान असलेली चूर्णे व गोळ्या मिळतात. सुरंजानात कोल्चिसिन असते, त्यामुळे 'जडीबुटीच आहे' म्हणून ती घेतल्यास नकळत मात्रा वाढते. दुखणे थांबेपर्यंत व सीआरपी पूर्ववत होईपर्यंत धावपळ, जड वजन उचलणे, व्यायाम टाळावा. घरातली हलकी ये-जा करण्यास हरकत नाही.

छातीत दुखून उताणे निजता येत नसेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल, लघवीचे प्रमाण अचानक घटले असेल किंवा दिवसातून चारपाच जुलाब होत असतील, तर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता रात्रीच अपघात विभागात यावे. येताना औषधांची वही आणि शेवटचा पातळीचा अहवाल बरोबर आणावा. त्या दिवशीची टॅक्रोलिमसची गोळी घेतली आहे किंवा नाही, आणि घेतली असल्यास किती वाजता, हे लिहून आणल्यास रक्त केव्हा काढावे हे ठरवणे सोपे जाते.